चंद्रमुकादम

२८ नोव्हेंबर १९६५, रविवार

पनवेलात अक्कल असलेली माणसं मोजायला एका हाताची बोटं पुरतात, आणि त्यातलं एक मी स्वतःसाठी राखून ठेवलं आहे.

आज वाचनालयात मुंबईच्या चांद्रयंत्र मंडळाचं पत्रक मोठ्याने वाचून दाखवलं. चंद्रावर पिठासारखी धूळ असावी, ती किती खोल आहे ते कुणालाच ठाऊक नाही, आणि यान उतरलं तर रुतून बसेल अशी भीती आहे. म्हणून माणूस जायच्या आधी तिथे यंत्र पाठवायचं आणि त्या धुळीत दहा फूट लांब, दहा फूट रुंद असा टणक तळ तयार करायचा. मंडळाला हे यंत्र हवं आहे. अटी कडक आहेत. यंत्राला हात लावायचा नाही. चालवणाऱ्याने त्याच्याकडे बघायचंही नाही. हुकूम चंद्रावर जाऊन त्याची खबर परत यायला अडीच सेकंद लागतात, तेव्हा तेवढा उशीर यंत्रातच ठेवायचा. शेवटी तळावर दोनशे किलोची लोखंडी तिवई उभी करणार. ती दोन बोटांपेक्षा जास्त रुतली की कारभार आटोपला. परीक्षा १६ जानेवारीला.

वाचून झाल्यावर पोस्टमास्तरांनी विचारलं, "तिथे पाऊस किती पडतो हो?" वैद्यबुवा म्हणाले, "आधी आपल्या आळीतल्या गटारावर फरशी टाका म्हणावं." मी पत्रक घडी करून खिशात घातलं आणि घरी आलो.

हे यंत्र मी करणार. कारण इथेच लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे लिहिण्याची सोय नाही. तीस वर्षं सरकारी बांधकाम खात्यात काढली आणि शेवटी खाडीवरचा एक बांध उधाणात फुटला म्हणून चौकशी झाली. अहवालात माझ्याबद्दल एक वाक्य आलं: "श्री. न. के. बिवलकर यांना मातीची जाण नाही." मी मुदतीआधी निवृत्ती घेतली. वास्तविक दोष मजुरांचा होता. आठ दिवस माती तुडवायला मागत होते. मी रोलर दिला आणि दोन दिवसांत काम उरकून घेतलं, तरीही बांध फुटला. यावरून मजुरांची लायकी कळते.

तीन परीक्षकांनी सहीनिशी लिहून द्यावं की बिवलकरला माती कळते. मला एवढंच हवं आहे.

दमयंतीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "अहो, त्या चंद्राने तुमचं काय घोडं मारलंय?"

५ डिसेंबर, रविवार

पळस्प्याला दयाराम मिस्त्रीच्या गॅरेजात यंत्र उभं राहतंय. भंगारातल्या लष्करी ट्रकची मोटर, दोन बॅटऱ्या, पुढे माती सरकवायला पोलादी फळी, मागे दगड भरलेला डांबराचा पिंप, तोच रोलर. शंभर फूट वायर आणि तिच्या टोकाला चार बटणांची पेटी. अडीच सेकंदांचा उशीर करणारं चक्र मी स्वतः एका जुन्या भिंतीवरच्या घड्याळातून बनवलं. ते या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

दयारामने सगळं जोडून झाल्यावर विचारलं, "साहेब, ह्याला ब्रेक कुठे बसवू?"

म्हटलं, "चंद्रावर रहदारी नसते."

तो हसला नाही. या लोकांना विनोदही कळत नाही. यंत्राचं नाव मी चंद्रमुकादम ठेवलं आहे.

१२ डिसेंबर, रविवार

जागा मिळाली. खाडीकाठच्या मिठागराचे मालक बळीरामशेठ यांनी कोपऱ्यातला एक वाफा परीक्षेपर्यंत वापरायला दिला. माझ्या जुन्या हुद्द्याचा मान अजून शिल्लक आहे म्हणायचा. मिठाच्या वाफ्यातली माती सुकली की टाल्कम पावडरीसारखी होते. मुंबईच्या प्रोफेसरांना चंद्र याहून जवळ मिळणार नाही.

वाफा तुळशीराम नावाचा माणूस कसतो. आज्यापासून त्यांच्याकडेच आहे म्हणे. चाळिशीचा, काळा, हडकुळा, आणि प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरणारा. शेजारच्या वाफ्यांमध्ये हंगामाची तयारी चालली होती. ती पाहण्यासारखी आहे. वीसएक बायकापुरुष एका ओळीत उभे राहतात, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकतात आणि ओल्या चिखलात थपथप पाय आपटत इंचाइंचाने मागे सरकतात. सकाळपासून दुपारपर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. विसाव्या शतकाची पासष्ट वर्षं संपत आली, माणूस अंतराळात फिरून परत आला, आणि इथे जमीन घट्ट करायला अजून टाचा वापरतात!

तुळशीराम खाकरला. "सायेब, ह्या वाफ्याचा एक सांगू काय?"

"नको," म्हटलं. "वाफ्याचं मी बघतो. तू बैलगाडीतून यंत्र उतरव."

१५ डिसेंबर, बुधवार

पहिली चाचणी. मी मिठाच्या झोपडीत भिंतीकडे तोंड करून पेटी घेऊन बसलो. यंत्र काय करतंय ते बघून ओरडून सांगायला कुणीतरी हवं होतं. तुळशीरामची बायको भामा हिचा आवाज खाडीच्या पलीकडे जातो, म्हणून तिला दारात उभी केली. तिला चार वेळा समजावलं, यंत्र डावीकडे वळलं की "डावा" म्हणायचं, उजवीकडे वळलं की "उजवा", आणि बाकी अक्कल चालवायची नाही.

"उजवा!" ती ओरडली. मी थांबवण्याचं बटण दाबलं. अडीच सेकंदांनी हुकूम पोचेपर्यंत चंद्रमुकादम कडेच्या पाण्याच्या पाटात पडलेला होता. चार वेळा पडला. चौथ्या वेळी भामा पदर तोंडाला लावून हसत होती.

फळीने आणि रोलरने मिळून वाफ्याची पाच-सहा इंच माती उलटीपालटी झाली. हात घातला तर मनगटापर्यंत गेला. पहिलाच दिवस आहे. साडेचारला टांगा आला आणि मी घरी परतलो.

१६ डिसेंबर, गुरुवार

आश्चर्य! माझी पूजा, चहा, वर्तमानपत्र हे सगळं आटोपून टांग्याने पोचायला नेहमीप्रमाणे साडेनऊ झाले. काठीने काल रोलर फिरवलेली जमीन तपासली. काठी आत जाईना. अंगठा रोवला, नखाएवढी खूणसुद्धा उमटली नाही. काल संध्याकाळी पीठ होतं, आज फरशी!

तुळशीरामला बोलावून दाखवलं. म्हटलं, "बघ, यंत्राने काय केलंय ते."

त्याने जमिनीकडे पाहिलं, भामाकडे पाहिलं, घसा खाकरला. "सायेब, त्याचा असा हाय का..."

"त्याचं कसं आहे ते तुला कळायचं नाही," मी म्हटलं आणि वही काढली.

२७ डिसेंबर, सोमवार

अकरा दिवसांची निरीक्षणं पुरी झाली. निष्कर्ष असा: रोलरने खालीवर झालेल्या कणांना विश्रांती मिळाली की ते आपोआप एकमेकांत घट्ट बसतात. सतरा तास पुरतात. याला मी 'विश्रांतिसिद्धांत' हे नाव दिलं आहे. आजवर हे कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही, याचं उत्तर सोपं आहे. लोक बघत नाहीत.

रोज सकाळी जमीन थोडी ओलसर लागते. खाडीकाठी दव पडायचंच. चंद्रावर दव नाही, तेव्हा तिथे निकाल याहून सरस येणार.

भामाशी मात्र रोज वाद होतो. ही बाई खोटं बोलते. यंत्र सरळ चाललेलं असताना "उजवा" म्हणून ओरडते. दारातून डोकावून स्वतः खात्री केली. म्हटलं, "अजून वळलं नाही, तू आधीच काय ओरडतेस?" म्हणते, "सायेब, वलल्यावर सांगून काय उपेग? तुमी दाबता नि तो मागाहून ऐकतंय." तिला स्पष्ट बजावलं की झालेलं तेवढंच सांगायचं. त्यानंतर यंत्र दोनदा पाटात गेलं. पुढे तिने पुन्हा आपलंच सुरू केलं असावं, मी लक्ष देणं सोडून दिलं. गेला आठवडाभर यंत्र एकदाही पडलेलं नाही. माझं उशिराचं चक्र आता रुळलं आहे.

सोमवार असल्यामुळे, शास्त्रीजींच्या आवाहनाप्रमाणे, रात्रीचं जेवण नाही. देशासाठी एवढं करायला हरकत नाही, पण वैद्यबुवांच्या घरातून कांदा परतल्याचा वास येत होता.

५ जानेवारी १९६६, बुधवार

विश्रांतिसिद्धांतावर नऊ पानांचा निबंध मंडळाला पाठवला होता. आज अध्यक्ष प्रा. विजयकर यांचं उत्तर आलं. लिहितात, "आपली निरीक्षणं विलक्षण आहेत. प्रत्यक्ष पाहण्यास उत्सुक आहोत." विलक्षण! अहवाल लिहिणाऱ्यांना हे पत्र तारेने पाठवावंसं वाटलं.

तुळशीरामची माणसं दिवसेंदिवस आळशी होत चालली आहेत. मी साडेनऊला पोचतो तेव्हा सहाजणं बांधावर पाय पसरून बसलेली असतात, पिंढऱ्यांपर्यंत चिखल, डोळे तांबारलेले. दिवस नुकता उगवलेला आणि ही मंडळी दमलेली. भामाला विचारलं, "तुम्ही सकाळपासून केलंत तरी काय?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी बावळट प्रश्न विचारला.

दमयंतीला हे सांगितलं. ती म्हणाली, "नवाच्या आधी ते काय करतात, एकदा जाऊन बघा की." म्हटलं, मी चंद्रावरचं काम करतो, हजेरी घेत नाही.

१२ जानेवारी, बुधवार

काल पहाटे रेडिओवर ऐकलं, शास्त्रीजी ताश्कंदला वारले. दमयंती रडली. बाजार बंद होता.

आज दुपारी मंडळाची तार आली. दुखवट्यामुळे परीक्षा ३० जानेवारीला. बळीरामशेठना निरोप पाठवून वाफा तेवढे दिवस आणखी मागून घेतला. शेजारच्या वाफ्यांत मिठाची पांढरी साय धरायला लागली आहे. तुळशीरामचं तोंड उतरलं. मीठ काय, पुढच्या वर्षीही पिकेल.

१७ जानेवारी, सोमवार

अक्षम्य प्रकार. साडेनऊला पोचलो तर माझ्या दहा फुटी चौकोनाच्या ऐन मध्यावर पावलाचा ठसा. टाच आणि पाचही बोटं. नीट वाकून पाहिलं तर कडेलाही ठसे, कुणीतरी फळीने पुसलेले. म्हणजे मी नसताना ही माणसं माझ्या तळावर नाचतात! जो तळ मी कणाकणाने घट्ट करतोय तो हे पायाने उखडतात आणि वर पुसून ठेवतात. मला किती दिवस हे दिसलं नाही, याचाच संताप येतो.

तसाच बळीरामशेठकडे गेलो. ३० तारखेपर्यंत त्या वाफ्यात कुणीही पाऊल ठेवायचं नाही, असा हुकूम घेतला. बुधाजी नावाचा राखणदार काठी घेऊन बसवला. चारी बाजूंनी दोरी बांधली. भामालाही बंदी. ओरडण्याचं काम बुधाजीच करील. तो माजी शिपाई आहे, सांगितलं तेवढंच करतो.

आज शेवटचा रोलर फिरवला. आता मीसुद्धा हात लावणार नाही. सतरा तासांच्या विश्रांतीने फरशी होते, तेरा दिवसांनी पाषाण झाला पाहिजे.

१९ जानेवारी, बुधवार

सकाळी तुळशीराम घरी आला. प्रथमच. ओट्याच्या खाली उभा राहिला. दमयंतीने वर बोलावलं तरी चढला नाही.

"सायेब, वाफ्यात जाऊ द्या. तुडवला नाय त वाफा जाईल."

म्हटलं, "तुडवलंत तेवढं पुरे झालं."

"तसा नाय. तुमचा यंतर रोज जमीन फाडतंय. आमी पहाटंचं जरा पानी घेऊन..." तो खाकरला.

"मला धमकी देतोस?"

"धमकी नाय, सायेब. ऊन लागला का भेगा परतील. भेगा परल्या का पानी र्‍हात नाय, पानी नाय त मीठ नाय. वाफा रिकामा र्‍हायला त शेठ दुसऱ्याला देईल. आमच्या आज्यानं बांधलेला हाय तो."

मी म्हटलं, तीस वर्षं मी तुमच्यासारख्यांची रडगाणी ऐकली आहेत. परीक्षा झाली की ये. तो गेला. दमयंती चहाचा कप घेऊन बाहेर आली, ओट्यापाशी कुणी नाही हे पाहून कप घेऊन परत आत गेली.

२६ जानेवारी, बुधवार

झेंडावंदनाला नगराध्यक्षांचं पाऊण तास भाषण. त्यातली अर्धी वाक्यं क्रियापदाला न पोचता वाटेतच संपली.

तिथून मिठागरात. तळावर बारीक भेगा दिसतात. आकुंचनाची खूण. माती आकसते म्हणजे घट्ट होते. तरी काठी लावून पाहिली नाही, विश्रांती मोडायची नाही. बुधाजी म्हणाला, "सायेब, ती भामा रोज येतंय. बांधावर बसतंय. नुसता वाफ्याकरं बघतंय." म्हटलं, बघू दे, बघायला बंदी नाही.

शर्ट इस्त्रीला टाकला आहे.

३० जानेवारी, रविवार

घडलं तसं लिहितो.

दहाला दोन मोटारी आल्या. प्रा. विजयकर आणि आणखी दोन परीक्षक. मागे टेम्पोतून तिवई. विजयकर पन्नाशीचे, हळू बोलणारे, बुटाला चिखल लागला तरी न बघणारे. बांधावर मिठागरातली माणसं जमली होती. सिद्धांत मी थोडक्यात मांडला. परीक्षकांनी मान डोलावली.

आधी तळ सोडून बाजूच्या जागेत यंत्र चालवून दाखवायचं होतं. मी भिंतीकडे तोंड करून बसलो. बुधाजी दारात.

"वळला!" बुधाजी ओरडला. मी बटण दाबलं.

"पडला!" बुधाजी ओरडला.

पाच मिनिटांत चंद्रमुकादम तीनदा पाटात गेला. तिसऱ्या वेळी त्याचा रोलर वर आणि चाकं हवेत. मी म्हटलं, यंत्र तेरा दिवस बंद होतं, शिवाय खरी गोष्ट तळाची आहे.

चार हमालांनी तिवई आणून तळावर ठेवली. क्षणभर ती उभी राहिली. तो क्षण मला आठवतो. मग वरची पापुद्र्यासारखी साल फुटली आणि तिचा एक पाय वीतभर आत गेला. तिवई कलंडली. खालून पांढरी धूळ उडून परीक्षकांच्या कोटांवर बसली. भेगेत हात घालून पाहिलं. मनगटापर्यंत गेला. पहिल्या दिवसासारखाच.

बांधावर कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

विजयकरांनी विचारलं, "रोज यंत्राला दिशा कोण सांगायचं? हेच गृहस्थ?" बुधाजीने काठीने बांधाकडे दाखवलं. "ती भामा." विजयकर स्वतः बांधापर्यंत गेले.

"बाई, तुम्ही यंत्र वळल्यावर सांगायचात की आधी?"

"आदी. त्याला उशिरा ऐकू जातंय ना? मंग आदीच सांगाया पायजे." आणि मग न विचारता म्हणाली, "नि जमीनबी अशी कशी र्‍हाईल? तुडवल्याबिगर र्‍हाते काय? सायेब यायच्या आदी रोज पहाटं आमी सहाजनं तुडवायचो. पानी शिंपडायचो नि तुडवायचो. नाय त आमचा वाफा गेला असता. आता गेलाच."

विजयकरांनी खिशातून वही काढली. टाच आधी की चवडा, पाय सरळ की आडवा, ओळीत किती माणसं, किती ओल, सगळं लिहून घेतलं. भामाने लुगडं खोचून करूनही दाखवलं. तिसरा परीक्षक म्हणाला, यंत्राला चाकांऐवजी असे छोटे पाय बसवले तर? तिघं त्यावरच बोलत राहिले. मी चार फुटांवर उभा होतो.

निघताना विजयकर माझ्याकडे आले. "मिस्टर बिवलकर, तुम्ही दीड महिना सगळं मोजलंत. कुणाला विचारलं नाहीत?"

मोटारी गेल्या.

३१ जानेवारी, सोमवार

या माणसांनी मला दीड महिना मूर्ख बनवलं. रोज साडेनऊला मी वाकून जमीन बघत असे, वहीत आकडे लिहीत असे, आणि ही सहाजणं बांधावर बसून ते बघत असत. नऊ पानं! मुंबईला पाठवलेली नऊ पानं! त्यातलं प्रत्येक पान या लोकांच्या टाचांनी लिहिलेलं आहे. एकानेही तोंड उघडलं नाही.

हे दमयंतीला ऐकवलं. ती म्हणाली, "तो माणूस दारात येऊन सांगून गेला. मी चहा ओतेपर्यंत तुम्ही त्याला हाकललंत." आणि सोमवार होता तरी रात्री माझं ताट वाढून ठेवलं. मला जेवण गेलं नाही.

५ फेब्रुवारी, शनिवार

वर्तमानपत्रात पहिल्या पानावर. रशियाचं यान चंद्रावर अलगद उतरलं. रुतलं नाही. जमीन टणक आहे. फोटोसुद्धा पाठवले आहेत, दगडगोट्यांचे.

म्हणजे धूळ नाहीच. माझा रोलर, ती तिवई, विजयकरांचे छोटे पाय, सगळंच फुकट. वाचनालयात वैद्यबुवांनी मुद्दाम मला ऐकू जाईल असं वाचून दाखवलं. मलाही बरं वाटलं, का लपवू? परीक्षाच खोटी होती म्हटल्यावर नापास होण्यात लाज कसली? पानसुपारी खाऊन, जवळजवळ शीळ घालतच मी चंद्रमुकादम आणायला बैलगाडी घेऊन मिठागरात गेलो.

सगळ्या वाफ्यांत पांढऱ्या राशी. कोपऱ्यातला तेवढा काळा, भेगाळलेला. बांधावर तुळशीराम आणि भामा पाटाचं तोंड मोकळं करत होते. आज पौर्णिमा, मोठं उधाण, पाणी आत घ्यायचं म्हणाले.

तुळशीरामला म्हटलं, "कळलं का? चंद्रावर धूळ नाहीच आहे. जमीन घट्ट आहे."

त्याने फावड्यावरून मान वर केली. "इथं नाय, सायेब," म्हणाला आणि पुन्हा उकरू लागला.

मी विचारलं, आता काय करणार. पाणी घेऊन चिखल पुन्हा भिजवायचा, आठ दिवस तुडवायचा, मग उरलेल्या हंगामात थोडंफार मीठ धरलं तर धरलं. वीस माणसं लागतात. पण सगळे आपापल्या वाफ्यात अडकलेले, मीठ ओढायची वेळ आहे. दोघंच आहेत. दोघांनी होईल का? भामा म्हणाली, "नाय व्हनार." तिने ते मला ऐकवायला म्हटलं नव्हतं. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

गाडी रिकामीच परत आणली. यंत्र तिथेच पाटाशी पडलं आहे.

६ फेब्रुवारी, रविवार

बळीरामशेठकडे गेलो आणि लिहून दिलं. वाफा माझ्या हट्टामुळे बिघडला, तुळशीराम सांगत होता, मी ऐकलं नाही, त्याचा काही दोष नाही, वाफा त्याच्याकडेच ठेवावा. खाली सही. अशा कागदावर मी आयुष्यात प्रथमच सही केली.

शेठनी कागद वाचला, घडी केली, दिव्याच्या कोनाड्यात ठेवला. मोठ्याने हसले. "बिवलकरसाहेब, कागदानं मीठ पिकतं काय? मे महिन्यात वाफ्यात रास दिसली त त्याचा वाफा. नाय दिसली त दुसरे चारजन मागायला उभे हायत."

त्यांचंही खरं आहे. मला त्यांचा राग आला नाही, हे मला नवीन होतं. राग यायला समोर दुसरं कुणी उरलं नव्हतं, एवढंच.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

पाच वाजता उठलो. पूजा राहिली. टांगा मिळाला नाही, चालत गेलो. दमयंतीने भाकरी बांधून दिली.

चिखल तुडवण्याजोगा आटला होता. दोघं वाफ्यात उतरली होती, आणि कुठूनशी आलेली हौसा नावाची त्यांची एक म्हातारी आत्या. मी बांधावर बूट काढले, धोतर वर खोचलं. अठ्ठावन्न वर्षांत इतकं कसनुसं कधी वाटलं नव्हतं. तुळशीराम खाकरला. "सायेब, तुमी कशाला..."

"एक माणूस कमी आहे ना?" मी म्हटलं.

"सतरा कमी हायत," भामा म्हणाली.

मी उतरलो. मिठाचा चिखल थंड नसतो, तो चावतो. बोटांच्या बेचक्यात आग झाली. तुळशीरामच्या खांद्यावर मी हात ठेवला, तो जरा आक्रसला, मग सैल झाला. माझ्या दुसऱ्या बाजूला भामा. मी म्हटलं, माझ्या अंदाजाने पाऊल तिरपं टाकलं तर दाब जास्त...

"बोलू नका," भामा म्हणाली. "बोलला का पाय चुकतो."

१२ फेब्रुवारी, शनिवार

काल घरी आल्यावर लिहवलं नाही. टाचांना फोड आले आहेत. दमयंतीने गरम पाण्यात पाय ठेवायला लावले.

दोन दिवसांत चार माणसांनी मिळून वाफ्याचा आठवा भाग झाला. मे महिन्यापर्यंत रास दिसेल की नाही ते मला सांगता येत नाही. तुळशीरामलाही येत नाही, मी विचारलं. आज मी दिवसभरात एवढंच बोललो.

माझी एक ओळ पूर्ण झाली. पाऊल आधीच्या पावलावर निम्मं चढवायचं, टाच आधी, मग पूर्ण भार, मग अर्धं बोट मागे. सांगितलं होतं तसंच केलं. माझ्या मते चांगली झाली होती. संध्याकाळी बूट हातात घेऊन निघालो आणि बांधावरून मागे वळून पाहिलं. तुळशीराम आणि म्हातारी पाय धूत होते. भामा एकटीच वाफ्यात होती. माझी ओळ ती पहिल्यापासून पुन्हा तुडवत होती.

तिने मला पाहिलं, पण थांबली नाही. उद्या साडेपाचला निघायचं आहे.